मनोरे मुके होतात तेव्हा

२६ डिसेंबर २००४ च्या सकाळी त्सुनामीने अंदमान-निकोबारमध्ये हाहाकार माजवला, तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरमध्येच होते. हौशी बिनतारी संदेशवहनाच्या, म्हणजेच हॅम रेडिओच्या, छंदापायी विशेष अनुमती मिळवून ही मंडळी तेथे गेली होती. जगभरातील छांदिष्टांशी बोलण्यासाठी मांडलेले संच पाहता पाहता आपत्कालीन केंद्र झाले. कोण सुखरूप आहे, कुठे काय हवे आहे, हे निरोप त्यांवरून जाऊ लागले. पुढे पथकातील काही जण कार निकोबारलाही गेले.

ते तेथे होते हा योगायोग होता, आणि नेमकी हीच गोष्ट अस्वस्थ करणारी आहे.

मोबाइलचा मनोरा विजेवर चालतो. वीज गेली की बॅटरी काही तास तग धरते. आणि मनोऱ्याला जगाशी जोडणारी केबल पुरात वा दरडीत तुटली, तर बॅटरी असूनही उपयोग नाही. भूजच्या भूकंपात (२६ जानेवारी २००१) दूरध्वनी बंद पडले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा देशाच्या आर्थिक राजधानीतही घरच्यांचा ठावठिकाणा कळेना. आज धोक्याची सूचना थेट मोबाइलवर येते, हे स्वागतार्हच. परंतु ती त्याच मनोऱ्यावरून येते आणि तिला उत्तर देता येत नाही.

याउलट पाठीवरून नेता येईल असा संच, मोटारीची १२ व्होल्टची बॅटरी आणि दोन झाडांमध्ये ताणलेली वीसेक मीटर तार एवढ्यावर शेकडो किलोमीटरचा संपर्क साधतो. लघुलहरी आकाशातील आयनांबरावरून परततात. त्यांना वाटेत मनोरा लागत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतपथकांना पावसात पायवाटेने चढावे लागले. अशा ठिकाणी असेच यंत्र कामाचे.

धूळ, पाणी, आदळआपट सोसणारे संच बाजारात मिळतात आणि ते विकत घेणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. (खरेदीचा उत्साह आपल्याकडे कधीच कमी नसतो!) कपाटात ठेवलेल्या संचाची बॅटरी मात्र मुकाट्याने मरते. दिवसा चालणारी वारंवारता रात्री शेजारच्या तालुक्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. घाबरलेल्या माणसाचे बोलणे दहा शब्दांत बसवायचे, नावे आणि आकडे अचूक उतरवून घ्यायचे, ही कामे सरावानेच जमतात. केंद्र शासनाची परीक्षा देऊन हॅम परवाना कोणाही सामान्य नागरिकाला मिळवता येतो. विज्ञानाचे शिक्षक, सैन्याच्या सिग्नल शाखेतून निवृत्त झालेले जवान, अभियांत्रिकीचे विद्यार्थी हे या कामाचे स्वाभाविक मनुष्यबळ आहे. कोकणातील आणि सह्याद्रीतील प्रत्येक तालुक्यात अशी चार माणसे असावीत, ही अपेक्षा मुळीच मोठी नाही.

त्यांनी महिन्यातील एका रविवारी मोबाइल बंद ठेवून जिल्ह्याच्या ठिकाणी एक निरोप पोहोचवून पाहावा. पहिल्या खेपेस तो बहुधा पोहोचणार नाही. का पोहोचला नाही, हे रविवारी कळलेले बरे.