शेखिना, कीना आणि तुलनेची घाई

हिब्रू धर्मविचारातील ‘शेखिना’ हा शब्द समोर आला, की ‘म्हणजे आपली शक्तीच’ असे म्हणून मोकळे होण्याचा मोह पडतो. शब्द स्त्रीलिंगी, शिवाय मध्ययुगीन कब्बालाने तिला स्त्रीरूपही दिलेले. तेव्हा तुलना सोपी वाटते. आम्हांला मात्र ही घाई घातक वाटते, कारण तीत शब्दाचा गाभाच हरवतो.

‘शेखिना’च्या मूळ धातूचा अर्थ वस्ती करणे, राहणे. ‘मिश्कान’, म्हणजे मराठी बायबलातील निवासमंडप, हा त्याच धातूचा शब्द. आणि शेजारी या अर्थाचा ‘शाखेन’ही त्याच कुळातला. या शब्दाचा भर सामर्थ्यावर नाही, सोबतीवर आहे. गंमत अशी, की हे नाम हिब्रू बायबलात सापडत नाही. तेथे क्रियापद आहे. नाम रुळलेले दिसते ते रब्बींच्या वाङ्मयात, इ. स. ७० मध्ये जेरुसलेमचे दुसरे मंदिर नष्ट झाल्यानंतर. इस्राएल जेथे जेथे हद्दपार झाला तेथे तेथे शेखिना त्याच्यासह गेली, असा विचार तालमूदात मांडलेला आहे. घर गेल्यावरही ईश्वर कोठे राहतो, या प्रश्नाला दिलेले हे उत्तर आहे.

त्याच प्रश्नाची दुसरी बाजू म्हणजे ‘कीना’, शोकगीत. मिश्नाने कीनेची व्याख्या केली आहे ती अशी : एकीने म्हणायचे आणि इतर सर्वांनी तिच्यामागून प्रतिसाद द्यायचा. शोक एकट्याचा राहू नये, ही व्यवस्था त्या व्याख्येतच आहे. मराठीत ‘विलापगीत’ नावाने येणाऱ्या ग्रंथाचे हिब्रू नाव ‘एखा’, म्हणजे ‘कसे!’; हाच त्याचा पहिला शब्द. त्याच्या पाच अध्यायांपैकी चार वर्णमालेच्या क्रमाने रचलेले आहेत. अनेक ओळींचा पहिला भाग लांब व दुसरा आखूड असतो, हे १८८२ मध्ये कार्ल बुड्डे या जर्मन अभ्यासकाने दाखवून दिले. आव महिन्याच्या नवमीला जमिनीवर बसून हा ग्रंथ आणि पुढील शतकांतील कीना आजही म्हटल्या जातात.

आमच्या मते हे दोन शब्द एकत्रच वाचले पाहिजेत. विलापाला प्रतिसाद देणारे कोणी तरी लागते, आणि शेखिना ही दुःखितांसोबत राहणारी उपस्थिती आहे. विलापग्रंथावरील मिद्राशात तर ईश्वर स्वतःच मंदिरासाठी रडतो. सर्वसमर्थ शक्तीच्या कल्पनेत हे रडणे बसवायचे कसे?

परका शब्द तसाच ठेवला तर वाचकाला काय कळणार, असा आक्षेप घेता येईल. त्यावर आमचे उत्तर साधे आहे : एक ओळीचे स्पष्टीकरण द्यावे आणि शब्द राहू द्यावा. तुलना जरूर करावी, पण भेद नीट पाहून झाल्यावर. नाहीतर आपण दुसऱ्याच्या दुःखाच्या भाषेत केवळ आपलेच प्रतिबिंब न्याहाळत बसू.