त्याने पोज दिलेली नाही

पावसाळ्यात समुद्रावर वादळ होऊन गेलं की कोकणातल्या कुठल्यातरी किनाऱ्यावर एखादा मास्क्ड बूबी येऊन पडतो आणि माझ्या फीडवर त्याचे क्लोजअप सुरू होतात. कॅप्शन ठरलेलं: "काय मस्त पोज दिली!"

पोज कसली? त्याला हलता येत नव्हतं.

पांढराशुभ्र, पंखांची कड काळी, चोचीभोवती काळा मुखवटा, पंख पसरले की दीड मीटर. हा उष्ण कटिबंधातल्या खुल्या समुद्राचा पक्षी. उंचावरून सूर मारून मासे पकडतो, पिल्लं वाढवतो ती दूरच्या बेटांवर. तो आपल्या वाळूवर बसून राहिलाय, म्हणजे वाऱ्याशी झुंजून त्याची बॅटरी संपलीय.

'बूबी' हे नाव स्पॅनिशमधल्या 'बोबो'वरून, म्हणजे खुळा, आलं असं मानतात. माणसाला न घाबरणारे हे पक्षी खलाशी सहज पकडून खायचे, आणि खुळा ठरला पक्षी! आपण खात नाही, एवढाच फरक. पळत नाही म्हणजे परवानगी आहे, हा हिशेब तोच.

गॅलापागोसला बूबी पायवाटेलगत घरटी करतात. धडधाकट पक्षी, तरी २ मीटर अंतर सक्तीचं, फ्लॅश बंद, सोबत गाईड. इथे अर्धमेल्या पक्ष्याच्या तोंडाशी फोन. झूमसाठी एवढे पैसे मोजलेत ना, मग वापरा की.

"पण फोटोमुळे नोंद होते." होते. त्याला लांबून काढलेला एक फोटो, तारीख आणि ठिकाण पुरतं. पायात रिंग असेल तर तिचा आणखी एक. मी दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचतो. एकच एंट्री चाळीसदा छापली म्हणून माहिती वाढत नाही.

त्याहून संताप येतो तो 'मदती'चा. थकलेल्या पक्ष्याला लाटेत परत फेकलं तर तो बुडू शकतो. चोच मारेल म्हणून रबरबँड लावतात. बूबीच्या नाकपुड्या बाहेरून बंद असतात, तो श्वास चोचीच्या कडेने घेतो. चोच घट्ट बांधली की श्वास कोंडला. रीलसाठी तोंडात मासा कोंबणं, पाणी ओतणं, तेही नको.

१९२६ वर वनविभागाला फोन लावा. कुत्री हाकला. गाडी येईपर्यंत थांबा, पाठ पक्ष्याकडे आणि तोंड गर्दीकडे करून. फोटो तोवर कुणीतरी काढलेला असतोच.