राजवाड्यातील बैठक आणि आपला वारसा

२० मे २०२५ रोजी मध्य प्रदेश मंत्रिमंडळाची बैठक इंदूरच्या राजवाड्यात झाली. निमित्त होते देवी अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीचे. त्याआधी ६ मे रोजी महाराष्ट्राचे मंत्रिमंडळ त्यांच्या जन्मगावी, चौंडीला बसले होते. माहेर आणि सासर दोन्हीकडच्या सरकारांनी एकाच महिन्यात असा मान द्यावा, याचा आपल्या समाजाला आनंद होणे स्वाभाविक आहे.

मात्र सोहळ्यापेक्षा त्या दिवशीचा एक निर्णय आपल्याला अधिक काळ पुरणारा आहे. महानगर क्षेत्राच्या नियोजनाच्या विधेयकाला मंजुरी मिळाली. त्यानुसार इंदूर, उज्जैन, देवास आणि धार यांचा एकत्रित विचार होईल. ही नावे नीट वाचा. होळकर, शिंदे आणि देवास-धारचे पवार यांच्या या गाद्या. माळव्यातील मराठी वस्ती याच गावांतून रुजली. म्हणजे नवा नकाशा आपल्या जुन्या घरांवरूनच जाणार आहे.

रस्ते, उद्योग, मेट्रो हवीतच. शहर वाढले म्हणूनच आपली मुले इथे टिकतील. पण वारसा म्हणजे फक्त राजवाडा नव्हे. १९८४ च्या आगीनंतर राजवाडा पुन्हा उभा राहिला, कारण त्याच्यामागे सगळे शहर होते. गल्लीतला लाकडी वाडा, छोटे देऊळ, मराठी ग्रंथालय यांच्यामागे कोण उभे राहणार? आपल्या स्नेहलतागंजातही जुन्या घरांच्या जागी इमले चढत आहेत. घर विकणाऱ्याला दोष देता येत नाही. चार वाटेकरी आणि डागडुजीचा खर्च कुणाला चुकला आहे?

होळकर दरबारासाठी पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली इंदूरचा नगररचना अहवाल लिहिला. जुनी वस्ती सरसकट न पाडता, कमीत कमी पाडापाडीत तिची सुधारणा करावी, हा त्यांचा आग्रह होता. शंभर वर्षांनंतरही तो जुना झालेला नाही.

महानगराचा आराखडा तयार होईल, तेव्हा हरकती आणि सूचना मांडण्याची संधी सोडू नये. तोवर आपल्या वाड्यांची, देवळांची, संस्थांची आणि घरोघरी पडून असलेल्या मोडी कागदांची यादी आपणच करायला हवी. सरकारने मान दिला, तो आपण घेतला. यादी मात्र कोणी आपल्यासाठी करून देणार नाही.