हमनवा

उरुसाच्या वेळी लागणारी कव्वालीची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. तिच्यावर एका कव्वालाचे नाव मोठ्या अक्षरांत असते. त्याच्या पुढे लहान अक्षरांत लिहिलेले असते, ‘व हमनवा’. हमनवा म्हणजे सुरात सूर मिळवणारे. हा तर तुमच्या उर्दूतलाच शब्द आहे. मराठीत आपण त्यांना साथीदार म्हणतो. पेटी, ढोलक आणि टाळ्या यांचा भार तेच वाहतात. पण रात्रभर कव्वाली ऐकून घरी परतणाऱ्या बिलोलीच्या श्रोत्याला त्यांची नावे विचारून पाहा. त्याला ती सांगता येणार नाहीत. मला हे योग्य वाटत नाही.

पुण्याच्या प्रभाकर जोग यांचे उदाहरण घ्या. लहानपणी ते पुण्यातील वाड्यांत सव्वा रुपया आणि नारळ एवढ्या बिदागीवर व्हायोलिन वाजवत. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ प्रसारित झाले. त्यात ५६ गीते होती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे असे अनेक गायक त्यात गायले. गायक बदलत होते, पण साथीला जोगांचे व्हायोलिन होतेच. पुढे सुधीर फडके यांच्या शेकडो कार्यक्रमांतही ते मागे बसून वाजवत राहिले. त्यांनी ‘गाणारे व्हायोलिन’ हा स्वतःचा कार्यक्रम केला, तेव्हा हे वाद्य एकटेही गाऊ शकते हे लोकांना कळले. २०२१ साली त्यांचे निधन झाले.

सगळ्यांच्याच वाट्याला असा मान येत नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय कलावंतांनी ‘रिदम अँड ब्लूज’ नावाचे संगीत घडवले. त्यातील ‘मिरॅकल्स’ या गायकसंघात मार्व्ह टार्प्लिन १९५८ पासून गिटार वाजवत. १९६५ चे त्यांचे एक गाजलेले गीत टार्प्लिन यांनी गिटारवर छेडलेल्या सुरावटीतूनच जन्माला आले. १९७२ साली मुख्य गायक स्मोकी रॉबिन्सन संघातून बाहेर पडले आणि नवा गायक आला. टार्प्लिन काही काळ संघात राहिले. नंतर ते पुन्हा रॉबिन्सन यांच्या साथीला गेले आणि अनेक वर्षे वाजवत राहिले. १९८७ साली एका मोठ्या संगीतसंस्थेने रॉबिन्सन यांचा एकट्याचा सन्मान केला. उरलेल्या संघाचा सन्मान २०१२ साली झाला, आणि त्यात टार्प्लिन यांचेही नाव होते. पण २०११ सालीच ते वारले होते.

तुम्ही म्हणाल, ‘लोक तर गायकासाठीच येतात.’ हे खरे आहे. गायकाचा मान कमी करावा असे मी म्हणत नाही. परंतु गायकाला श्वास घ्यायला उसंत मिळते, ती मागे पेटी चालू असते म्हणून. ताल सुटला तर उत्तम गळाही लंगडा पडतो. मग साथीदाराचे नाव घ्यायला आपली जीभ का अडावी?

तुमच्या शाळेत स्नेहसंमेलन होईल. नात किंवा कव्वाली गाणाऱ्या मुलाचे नाव फळ्यावर लिहिले जाईल. त्याच्या खाली ढोलक वाजवणाऱ्याचे आणि टाळ्यांचा ठेका धरणाऱ्यांचेही नाव लिहा. निवेदन करणाऱ्यालाही ती नावे वाचायला सांगा. त्याला अर्धा मिनिट जास्त लागेल, इतकेच. टार्प्लिन यांच्या कौतुकाला फार उशीर झाला. तुमच्या वर्गमित्राचे नाव तरी वेळेवर घ्या.