बेहालाची रिकामी खुर्ची

कोलकात्याच्या दक्षिण टोकाला, डायमंड हार्बर रोडवर, बेहाला आहे. तिथल्या बेहाला पश्चिम मतदारसंघाने २०२१ साली पार्थ चटर्जी यांना सलग पाचव्यांदा निवडून दिलं, तेही पन्नास हजारांहून जास्त मताधिक्याने. २३ जुलै २०२२ ला ईडीने त्यांना अटक केली. तुरुंगातून ते बाहेर आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, जामिनावर. म्हणजे सव्वातीन वर्षं या मतदारसंघाला आमदार होता, आणि नव्हताही. ऑगस्ट २०२३ मध्ये बेहाला चौरास्त्याजवळ शाळेत निघालेला एक लहान मुलगा लॉरीखाली गेला. लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांची गाडी जाळली गेली. बेहालाच्या नावाने विधानसभेत दोन जागा आहेत. तेव्हा त्यातली एक रिकामी होती.

चटर्जी २०१४ ते २०२१ शिक्षणमंत्री होते. आरोप आहे तो शिक्षक भरतीचा, आणि म्हणूनच घरातला पहिला पदवीधर असलेल्या प्रत्येकाने हे प्रकरण नीट वाचावं. आपल्याकडे पदवी हातात आली की घरचे पहिल्यांदा काय म्हणतात? मास्तर हो. बंगालमधल्या गरीब घरांतही तेच म्हणतात. २०१६ च्या शाळा सेवा आयोगाच्या भरतीत कोऱ्या उत्तरपत्रिकांवर नोकऱ्या दिल्या गेल्या, गुणवत्ता यादीत मागची नावं पुढे आली आणि मूळ ओएमआर उत्तरपत्रिकाच नष्ट झाल्या. शिक्षण राज्यमंत्री परेश अधिकारी यांच्या मुलीची नियुक्ती उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली आणि घेतलेला पगार परत करायला लावला. तिच्यासाठी जी उमेदवार मागे ढकलली गेली, तिला न्यायासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

चटर्जी आरोप नाकारतात आणि दोष सिद्ध झालेला नाही. मान्य. लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे शिक्षा झाल्याशिवाय आमदारकी जात नाही, आणि ते योग्यही आहे. नाहीतर ईडी पाठवून विरोधकांची सभागृहं रिकामी करता येतील. पण सभागृहाची स्वतःची काही जबाबदारी असते की नाही? संविधानाच्या कलम १९० (४) नुसार परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहणाऱ्या सदस्याची जागा सभागृह रिकामी जाहीर करू शकतं. करू शकतं, करेलच असं नाही. शिवाय सत्रसमाप्तीचा काळ आणि चार दिवसांहून मोठी तहकुबी त्यात धरत नाहीत. सभागृह वर्षातून मोजकेच दिवस भरत असेल, तर साठचा आकडा गाठणंही अवघड.

इच्छा असली की सभागृह किती चपळ होतं, तेही याच राज्याच्या एका खासदाराबाबत दिसलं. महुआ मोईत्रांविरुद्ध तक्रार झाली ऑक्टोबर २०२३ मध्ये. लोकसभेच्या नीती समितीने नोव्हेंबरमध्ये अहवाल मंजूर केला आणि ८ डिसेंबरला त्यांची हकालपट्टी झाली, सभागृहात बोलूही न देता. ही लोकशाहीची हत्या आहे, असं तृणमूल काँग्रेस म्हणाली. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्याच पक्षाचं बहुमत असलेल्या कोलकात्याच्या सभागृहाने आपल्या आमदाराबाबत काय केलं? मंत्रिपद काढलं, पक्षातून निलंबित केलं. दोन्ही निर्णय सरकारचे आणि पक्षाचे; सभागृहाचं त्यात काही नाही. दोन्ही ठिकाणी समित्या आहेत, नियम आहेत. चालतं ते मात्र बहुमताच्या मर्जीने.

महाराष्ट्राने फार नाक वर करू नये. १९८६ मध्ये मुलीच्या एमडी परीक्षेतल्या गुणांच्या फेरफारावरून उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले, तेव्हा मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर पायउतार झाले. तेव्हाही विधानसभेने नाही, कोर्टानेच हलवलं.

सभागृह गप्प बसलं की माणूस न्यायाधीशाकडे जातो. बंगालमध्ये न्यायमूर्ती अभिजित गंगोपाध्याय यांनी या भरतीच्या सीबीआय चौकशीचे आदेश दिले आणि उपाशी-तापाशी धरणं धरून बसलेली पोरं त्यांना देव म्हणू लागली. राजकारणातली भक्ती कुठे नेते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत सांगितलं होतं. न्यायालयातल्या भक्तीलाही ते लागू पडतं. चालू प्रकरणावर टीव्हीला मुलाखत दिल्यावरून एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यांच्याकडचं काम दुसऱ्याकडे द्यायला सांगावं लागलं. ५ मार्च २०२४ ला त्यांनी राजीनामा दिला आणि दोनच दिवसांनी भाजपमध्ये गेले. आता ते तमलूकचे खासदार आहेत. निकाल बरोबर असतील, तरी त्यांच्यावर संशयाची सावली कुणी पाडली?

आणि न्यायाधीश निवडतं कोण? बंगालच्या विधानसभेतून, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साथीने, १९४६ मध्ये संविधान सभेवर गेलेल्या बाबासाहेबांनी २४ मे १९४९ ला बजावलं होतं की सरन्यायाधीशही माणूसच असतो, नेमणुकांचा नकाराधिकार त्याच्या एकट्याच्या हाती देऊ नये. १९९३ च्या निकालाने नेमणुका न्यायाधीशांच्याच हाती गेल्या. २०१८ ते २०२२ या काळात उच्च न्यायालयांत नेमलेल्या ५३७ न्यायाधीशांपैकी सुमारे ७९ टक्के खुल्या प्रवर्गातले. अनुसूचित जाती २.८ टक्के, जमाती १.३ टक्के. ही माहिती कायदा मंत्रालयानेच संसदीय समितीला दिली. २०१५ मध्ये रद्द झालेल्या नियुक्ती आयोगात सरकारचा हात जास्तच लांब होता, हे खरं. पण त्यातल्या दोन मान्यवरांपैकी एक अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक किंवा महिला असावा, अशी तरतूद होती. आयोगासोबत तीही गेली, आणि तिच्यासाठी फारसं कुणी रडलं नाही.

३ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या भरतीतल्या २५,७५३ नेमणुका रद्द केल्या. घोटाळा इतका खोल होता की सगळी प्रक्रियाच टिकली नाही. लाच देणारे गेले आणि रात्र रात्र अभ्यास करून लागलेलेही गेले. खऱ्या-खोट्याची छाननी वेळेवर करण्याचं काम आयोगाचं, मंत्र्याचं, आणि मंत्र्याला जाब विचारणाऱ्या आमदारांचं होतं. पुढे डाग नसलेल्या शिक्षकांना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत शिकवायची मुभा मिळाली आणि सप्टेंबरमध्ये नवी परीक्षा झाली. दहा-दहा वर्षांपूर्वी पास झालेले शिक्षक नव्या पदवीधरांच्या बाकांवर पुन्हा बसले. शाळेतल्या कारकुनांना आणि शिपायांना मात्र तेवढीही मुभा नव्हती.