फराळाआधीची तयारी

मैत्रिणींनो, आमच्या ताडकळसला डिसेंबर म्हणजे कापूस वेचणीचे दिवस, आणि आम्हा ख्रिस्ती घरांत नाताळच्या फराळाचेही! मागच्या वर्षी करंज्या-चकल्यांच्या नादात माझी संध्याकाळची प्रार्थनाच सुटली. नाताळच्या रात्री घर सजलेलं, मन मात्र रितं.

नाताळाआधीच्या चौथ्या रविवारपासून आगमनकाळ सुरू होतो. हे प्रभूची वाट पाहण्याचे दिवस. पण कामाच्या धबडग्यात सवड कुठली? म्हणून एक सोपा उपाय. लूकच्या शुभवर्तमानात २४ अध्याय आहेत. १ डिसेंबरपासून वरण शिजेपर्यंत रोज एक वाचायचा. नाताळच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा होतो. पहिला जरा मोठा, ८० ओव्यांचा. तो दोनदा बसून वाचा.

१० तारखेला मार्था भेटेल. प्रभू घरी आलेला, अन् ही सरबराईत गुंतलेली. बहीण मरीया मात्र त्याच्या पायांशी ऐकत बसलेली. मार्था म्हणजे आपणच की! प्रभू तिला रागावत नाही, मायेनं दोनदा हाक मारतो.

लक्ष्मीबाई टिळकांनी तर १९१९ मध्ये पती गेल्यावर त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केलं. आपल्याला फक्त रोजची दहा मिनिटं काढायची आहेत. चार चकल्या कमी झाल्या तरी चालतील, नाही का?