कुत्रे धन्याला खाते काय?



या आठवड्यात हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेवर लिहायचे योजले होते. ते पुढे ढकलतो, कारण एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव-गाव देत नाही, मजकूर थोडक्यात देतो.

“आमचे मामंजी शेतातल्या वस्तीवर एकटे राहतात. मुलांच्या शाळेसाठी आम्ही गावात राहतो. त्यांना वस्ती सोडवत नाही. दोन गाई आहेत, सोबतीला एक कुत्रा आहे. मागे कोणी तरी मोबाईलवर बातमी पाठवली, की एकटा माणूस घरात मरण पावला आणि त्याच्याच कुत्र्याने त्याला खाल्ले. तेव्हापासून आमच्याकडे वाद चालू आहे. हे म्हणतात, कुत्रा लांब घाटात सोडून येतो. मामंजी म्हणतात, आधी मला सोड मग त्याला. भाऊ, असे खरेच होते का? की उगीच उठवलेले आहे?”

शेतीच्या सदरात असल्या प्रश्नाला काय काम, असे कोणी म्हणेल. पण अंगणातले जनावर हा आपल्या प्रपंचाचाच भाग आहे, आणि वस्तीवर एकटे राहणारे म्हातारे माणूस आता प्रत्येक गावात आहे. तेव्हा उत्तर देणे भाग आहे. उत्तर गोड नाही, हे आधीच सांगतो.

ताई, असे होते. प्रत्येक कुत्रा करतो असे नव्हे. धन्याजवळ बसून राहिला आणि तोंडही लावले नाही, असेही घडते. पण होते, ही गोष्ट नाकारता येत नाही. पोलीस प्रकरणांत प्रेताची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी अशा घटना लिहून ठेवल्या आहेत. जर्मनीतील एका घटनेची हकीकत १९९७ साली त्यांच्या नियतकालिकात छापून आली. एकतीस वर्षांचा माणूस आईच्या घरामागच्या बागेतल्या खोपटात होता. संध्याकाळी गोळीचा आवाज आला. पाऊण तासाने माणसे आत गेली तेव्हा तो मरून पडला होता, आणि तोंडावर, मानेवर त्याच्याच कुत्र्याचे दात लागलेले होते. कुत्रा अल्सेशियनच्या संकराचा होता, शांत, सांगितलेले ऐकणारा. आणि खोपटात त्याच्या खाण्याचे भांडे अर्धे भरलेले होते.

हे भांडे लक्षात ठेवा. पाऊण तासात कुत्रे भुकेने कासावीस होत नाही. पुढ्यात अन्न असताना तर नाहीच. मग त्याने असे का करावे?

फ्रान्समधील डॉक्टरांनी २०१५ साली घरात घडलेल्या अशा प्रकरणांचा आढावा घेतला. त्यांत शंभरातल्या सुमारे त्र्याहत्तर वेळा चावे चेहऱ्यावर होते, पोटावर फक्त पंधरा वेळा. रानात पडलेल्या प्रेताला जनावर लागते तेव्हा उलटे दिसते. ते आधी छाती-पोट फोडते, कारण पोट भरायचे मांस तिथे असते. घरातले कुत्रे मात्र तोंडाकडे जाते. आणि जवळजवळ चौथ्या हिश्शाच्या प्रकरणांत मृत्यू होऊन एक दिवससुद्धा लोटला नव्हता.

तोंडाकडेच का, हे कुत्रे पाळणाऱ्याला सांगायला नको. कुत्रे दिवसभर आपल्या तोंडाकडे बघते. हाक तिथून येते, भाकरीचा तुकडा देताना आपण तिथूनच बोलतो. धनी उठत नाही, बोलत नाही, असे झाले की ते जवळ येते, नाकाने ढोसते, तोंड चाटते. तरी उठत नाही. मग ते बावरते, जोरात चाटते, पंजा मारते, दाताने ओढते. एकदा कातडी फाटली, रक्ताची चव लागली, की पुढचे काम त्याच्या जातीचा स्वभाव करतो. जाणकारांनी दिलेले हे स्पष्टीकरण मला पटते. अर्थात तीन-चार दिवस कोंडून पडलेले कुत्रे शेवटी भुकेनेच खाते, तेही खरे आहे.

आपण हे गोठ्यात रोज पाहतो, फक्त नाव दुसरे देतो. गाय व्याली की वासराला चाटून कोरडे करते आणि लक्ष नसले तर जारही खाऊन टाकते. गवत खाणारे जनावर स्वतःच्या अंगातले मांस खाते, आणि त्याबद्दल आपण तिला राक्षसीण म्हणत नाही. वासरू मेले तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे ठेवतात. ती ते चाटते आणि पान्हा सोडते. ते मेले आहे हे तिला कळते की नाही, कोण जाणे. कुत्री मेलेले पिल्लू दोन दिवस तोंडात धरून हिंडते, आणि कधी तेच खाते. चाटणे, सांभाळणे आणि खाणे यांत माणसाने आखलेली रेघ जनावराजवळ नसते.

(जाता जाता : गाय हाडे, चपला, चिंध्या चघळत असेल तर खोड म्हणून सोडून देऊ नका. अंगात स्फुरद कमी पडल्याची ती खूण असते. मेलेल्या जनावराचे हाड चघळून जनावरे लुळी पडून मरतात, हे दक्षिण आफ्रिकेत आर्नल्ड थायलर या पशुवैद्यकाने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले. खनिज मिश्रण सुरू करा आणि डॉक्टरांना दाखवा.)

मांजराबद्दल लोक जास्त वाईट बोलतात. प्रत्यक्षात नोंदी कुत्र्यांच्याच जास्त आहेत. मांजरही खाते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात अभ्यासासाठी दान केलेली प्रेते उघड्यावर ठेवतात, तिथे भटक्या मांजरांनी खाल्ल्याचे कॅमेऱ्यात दिसले आहे. डुकराचे तर विचारूच नका.

यावर कोणी म्हणेल, मग इमान ते कुठे गेले? धर्मराजाने स्वर्गाच्या दारातही कुत्र्याला सोडले नाही, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. जपानचा हाचिको तर जगाला माहीत आहे. त्याचे धनी उएनो हे तोक्योच्या विद्यापीठात शेतीचेच प्राध्यापक होते, म्हणून आम्हा शेतकीवाल्यांना त्यांचे जरा जास्त कौतुक. ते १९२५ साली अचानक वारले. कुत्रा पुढे स्वतः मरेपर्यंत, म्हणजे १९३५ पर्यंत, शिबुया स्टेशनावर त्यांची वाट बघायला येत राहिला. मेल्यावर त्याच्या पोटात मांस भाजायच्या बांबूच्या काड्या निघाल्या. स्टेशनाजवळ त्याला खायला मिळत होते, हे त्यावरून कळते. म्हणून त्याची वाट बघणे खोटे ठरत नाही. इमानही त्याचेच आणि पोटही त्याचेच.

आता जे सांगतो ते पुस्तकातले नाही.

२०१९ च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसाने सोयाबीन, कांदा, मका सगळे झोपवले, ते तुम्हाला आठवत असेल. पंचनाम्यांसाठी आम्ही सकाळपासून रात्रीपर्यंत चिखल तुडवत होतो. एका गावी शिवारात शिरलो तोच पुढच्या वस्तीवर गलका ऐकू आला. वस्ती ज्यांची, त्यांना सगळे नाना म्हणत. बायको वारलेली, दोन्ही मुलगे पुण्याकडे कारखान्यात. मीही त्यांना ओळखत होतो. गांडूळखताचा पहिला वाफा त्या गावात त्यांनीच केला होता.

नाना खाटेवर मरून पडले होते. तिसरा दिवस होता. एका हाताची बोटे आणि तोंडाची एक बाजू कुत्र्याने खाल्ली होती. गोठ्यात गाय दावणीला तशीच. पाण्याची टाकी तिच्यापासून चार हातांवर, पण दावे पुरत नव्हते. तिने गव्हाणीची फळी कुरतडली होती. सड दगडासारखे झालेले. बायांनी आधी तिला पाणी दाखवले, एकीने डोळे पुसत तिची धार काढली.

कुत्र्याचे नाव मोत्या. तो दारातच बसला होता, पळाला नव्हता.

“सायेब, धन्याला खाल्लं बगा ह्यानं,” एकजण मला म्हणाला. “मान्साच्या रगताची चटक लागली, आता पोरंबाळं सोडायचा न्हाई.” दोघांनी काठ्या आणल्या. एका पोराने यू यू केले, तसा मोत्या शेपूट हलवत उठून त्याच्याकडे गेला. कांद्याच्या सडक्या वाफ्यात त्याला मारले. फार वेळ लागला नाही.

मी पंचनाम्याचे कागद काखेत धरून बांधावर उभा होतो. बीएस्सी झालेला माणूस. जर्मनीची हकीकत तेव्हा मला ठाऊक नव्हती, पण गाय जार खाते हे ठाऊक होते. तेवढ्यावरही तोंड उघडता आले असते. उघडले नाही.

संध्याकाळी मुलगे आले. शवविच्छेदन झाले. थोरल्याने डॉक्टरांना एकच विचारले, की कुत्र्याने मारले का. डॉक्टर म्हणाले, नाही, वडील हृदयविकाराने गेले. चावे नंतरचे आहेत. जिवंत माणसाला दात लागले तर रक्त वाहते, कडा सुजतात, काळ्यानिळ्या पडतात. हृदय थांबल्यावर तसे होत नाही. तसे इथे काहीच नव्हते. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग मला म्हणाला, “मोत्या कुठंय?”

दोन दिवसांनी मी उरलेला पंचनामा करायला परत गेलो. नानांच्या बांधाला लागून जी वस्ती आहे तिथली म्हातारी चहा देताना आपण होऊन बोलली. “दोन रात्री रडत व्हतं ते कुत्रं. म्या म्हनलं अपशकुन हाय, आन् ह्यास्नी उठवून धोंडा मारायला लावला. भाऊ, ते आमास्नी बोलवत व्हतं का वो?”

मी तिला काय सांगणार? दुधाचेही असेच झालेले. पहिल्या दिवशी कॅन आला नाही, तेव्हा केंद्रावरच्या मुलाला वाटले नाना मुलाकडे गेले असतील. दुसऱ्या दिवशीही तसेच वाटले. फोन लागत होता, पण उचलत नव्हते. पावसात रेंज नसेल, असे मुलांना वाटले.

ताई, तुमच्या मिस्टरांना हे वाचून दाखवा. कुत्रा घाटात सोडू नका. तो गेला तर मामंजींच्या वस्तीवर रात्री भुंकणारे कोणी उरणार नाही, आणि घाटात तो उपाशी मरेल किंवा कोणाच्या शेळ्या धरील. माणसाच्या रक्ताची चटक लागते ही समजूतही सोडून द्या. धन्याला तोंड लावलेले कुत्रे जिवंत माणसांच्या पाठी लागते असे नव्हे; जर्मनीतला तो कुत्राही नंतर शांतच होता. भीती आहे ती पिसाळण्याची, आणि ती कोणत्याही कुत्र्याची आहे. म्हणून त्याला दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या. कोणाला चावला, ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद-चुना काही लावू नका. आणि कुत्र्याला रात्री घरात कोंडू नका किंवा आखूड साखळीने बांधू नका. मोकळा असला तर तो शेजारच्या वस्तीपर्यंत तरी जाईल. गाईचे दावेही पाण्यापर्यंत पुरेल एवढे ठेवा.

राहिले मामंजी. त्यांना वस्ती सोडायला लावू नका, ते सोडणार नाहीत आणि सोडली तर खंगतील. रोज सकाळी ठरल्या वेळी फोन करा. उचलला नाही तर अर्ध्या तासात कोणी तरी तिथे गेले पाहिजे. कोण जाणार, ते आजच ठरवून ठेवा. रात्री कुत्रा रडला तर काय करायचे, हे शेजारच्या वस्तीला सांगून ठेवा.

नानांच्या गावी दूध केंद्रावरचा तो मुलगा आता तिशीला आला आहे. त्याच्या वहीत सहा नावांपुढे लाल शाईची खूण आहे. सकाळी सातपर्यंत त्यांच्यातला कोणाचा कॅन आला नाही, की तो मोटारसायकल काढतो. गेल्या पावसाळ्यात असाच गेला, तर एक आजी गोठ्यात घसरून पडलेल्या, मांडीचे हाड मोडलेले, आणि कुत्रे त्यांच्या उशाशी बसून भुंकत होते. आजी आता काठी टेकत चालतात. कुत्रे त्यांचे तोंड चाटत होते, असे तो मुलगा मला म्हणाला.

हरभऱ्याची बीजप्रक्रिया पुढच्या अंकी.